वजनकाट्यावरची मूठ

आमच्या बाथरूममधला वजनकाटा सकाळच्या वेळी माझ्या हातांसाठी राखीव असतो. उठल्यावर मी तो जमिनीवरून उचलते, ताटासारखा दोन्ही हातांत धरते, अंगठे वर, बोटं खाली, आणि दात आवळून दाबते. जो आकडा येतो ती त्या दिवशीची माझी मूठ. आकडा फोनमधल्या तक्त्यात जातो. पुढच्या रकान्यात झोप, त्याच्या पुढे हवा, त्याच्या पुढे आदल्या दिवशी काय वेगळं खाल्लं ते. नवरा म्हणतो, लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, आमच्याकडे काट्याला जोडतात. लेक तेरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती दात घासता घासता म्हणते, "मामा, दू बिस्ट पाइनलिश." म्हणजे आई, तुझी लाज वाटते. मी दोघांकडेही लक्ष देत नाही.

याला माझा पेशाही जबाबदार आहे. मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मापन विभागात आहे. बाकीचे लोक ज्या उपकरणांनी मोजतात ती उपकरणं खरं बोलतात की नाही, हे मी तपासते. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला एक खोड लागते. कोणी काही ठामपणे सांगितलं की "कशानं मोजलंत?" असं तोंडातून निघतंच. माहेरी, सासरी आणि इथल्या मराठी गणपतीत या प्रश्नामुळे मी बरीच अप्रिय आहे.

मुठीचं प्रकरण सुरू झालं ते एका गोळीमुळे. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं. केमोची गरज पडली नाही, केस राहिले. त्यानंतर डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी दिली, टॅमॉक्सिफेन, रोज एक, निदान पाच वर्षं. शरीरातल्या हार्मोनवर पोसणाऱ्या त्या पेशी कुठे दडून राहिल्या असतील तर त्यांना उपाशी ठेवायचं, हे तिचं काम. डॉक्टर बाई हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "ही गोळी हाच आता तुमचा मुख्य उपचार आहे. हिला विसरायचं नाही."

विसरायची सोयच नव्हती. तीन महिन्यांत सांधे बोलायला लागले. सकाळी बोटं मिटायची नाहीत, किटलीचं झाकण उघडायचं नाही. स्टुटगार्ट हे डोंगरावरून वाटीत सांडलेलं गाव आहे आणि एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत दगडी पायऱ्यांची एक सरळ उभी रांग आहे. एरवी मी त्या गाणं गुणगुणत चढायची. आता मधल्या बाकड्यावर बसून फोन बघण्याचं नाटक करायला लागले. काहींना या गोळीने असं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि सत्तरीच्या बायका मला मागे टाकून वर जात होत्या.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या पुण्यात एकट्या राहतात. सासरे अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले, आणि शेवटचं दीड वर्ष त्यांचं सगळं सासूबाईंनी केलं. नळीतून भरवण्यापासून ते अंघोळीपर्यंत. त्यानंतर त्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. माझा रिपोर्ट आला तेव्हा नवरा पहिल्यांदा म्हणाला ते हे, "आईला नको सांगायला." मीही लगेच मान हलवली. वय झालंय, लांब आहेत, उगाच जिवाला घोर कशाला. साधी गाठ होती, काढून टाकली, एवढंच त्यांना सांगितलं. रेडिएशनचे दिवस ऑफिसच्या कामाच्या नावावर खपवले. आपल्याकडे मोठ्या माणसांपासून आजार लपवणं हे मायेचंच काम मानतात, आणि आम्ही ते चोख केलं.

सांध्यांचं मात्र त्यांना मोकळेपणानं सांगितलं. सांधे हा कसा निर्धास्त बोलायचा विषय. "संधिवात आपल्या घराण्यातच आहे," त्या म्हणाल्या. मी सून, त्यांच्या रक्ताची नव्हे. पण लग्नाला अठरा वर्षं झाली म्हणजे संधिवातही सासरचाच असणार, अशी त्यांची समजूत.

पुणे ते स्टुटगार्ट अशी एक बिनपगारी टपालसेवा चालते. इथल्या कंपन्यांत कंत्राटावर येणारे इंजिनियर, त्यांच्या बायका, त्यांचे आईवडील. "कोणी येतंय का?" असं ग्रुपवर टाकलं की कोणीतरी येतच असतं. नोव्हेंबरात अशाच एका मुलाच्या बॅगेतून स्टीलचा डबा आला. आत लिंबाएवढे पिवळेजर्द लाडू. हळद, सुंठ, गूळ, तूप आणि मिरी. सकाळी एक, संध्याकाळी एक. फोनवर म्हणाल्या, "औषध नाही गं हे, घरचंच आहे. निश्चिंत खा."

मी निश्चिंत खाल्ले. एक डबा संपत आला की दुसरा यायचा. दोन लाडवांत मिळून चांगली दोन चमचे हळद असेल. एरवी आपण आमटीत घालतो ती चिमूट. चव अशी, की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणि दुसऱ्याला सवय.

माझी मूळची चौकस खोड मग जागी झाली. हळदीत काय असतं? वाचायला लागले तर एक भलंमोठं गोत्रच सापडलं. पॉलिफेनॉल म्हणतात त्यांना. हळदीचा पिवळा रंग, द्राक्षाच्या सालीचा जांभळा, चहाचा तुरटपणा, डाळिंबाच्या सालीनं जीभ आखडते ती, कांद्याची तांबूस टरफलं, सगळी त्याच कुळातली. सूज कमी करतात म्हणे. सांध्यांना बरं, असं कोणी म्हणतं. कॅन्सरच्या पेशी मारतात, असं तर ठळक अक्षरांत. ते मी जरा खोलात जाऊन पाहिलं. मारतात, पण काचेच्या बशीत. बशीतल्या पेशींवर थेट ओतलं तर मरतात. बशीत त्या फिनेलनंही मरतील. पोटात गेलेल्या हळदीचं काय होतं, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फार निरुत्साही होतं. बहुतेक हळद आली तशी निघून जाते. रक्तात उतरते ती अगदी थोडी. तिला आत पोचवायचं असेल तर मिरी हवी. मिरीतलं तिखट द्रव्य शरीराच्या दारावरची झडती जरा ढिली करतं आणि हळद आत सटकते.

हे वाचून मला सासूबाईंचं केवढं कौतुक वाटलं! बिनपदवीची बाई, आणि तिला बरोब्बर माहीत की मिरी घालायची. ऑफिसात दोघातिघांना मी हे सांगितलंसुद्धा. जर्मन सहकारी माना डोलावत म्हणाले, "या, गेनाऊ, आयुर्वेद." म्हणजे हो, अगदी बरोबर.

आणि मूठ वाढली. डिसेंबरात काट्यावर जेमतेम आठ किलो यायचे, मार्चमध्ये अकरा, मेमध्ये तेराच्या वर. पायऱ्यांवरचं बाकडं मी सोडून दिलं. माझ्या धंद्यातला पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. इथे लाडू सुरू झाले, हिवाळा संपला, पोहायला जायला लागले, सगळं एकदम. ऑफिसात असला तक्ता कोणी आणून दिला असता तर मी तोंडावर परत केला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र खुशाल म्हटलं, हळदच.

दर तीन महिन्यांनी तपासणी असायची. तिथे दरवेळी एक फॉर्म भरायचा. त्यात एक प्रश्न असतो, आपण काही पूरक पदार्थ किंवा वनस्पतीजन्य तयार औषधं घेता का? मी दरवेळी "नाही"वर फुली मारली. खोटं बोलत नव्हते, शपथेवर सांगते. हळद हे औषध आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. हळद म्हणजे हळद. ती मीठमोहरीच्या डब्यात असते. फॉर्ममध्ये कशाला येईल?

जूनमध्ये, पाय चालू लागल्याच्या आनंदात, मी समोरच्या म्हाताऱ्या शेजारणीच्या द्राक्षमळ्यात मदतीला गेले. मळा कसला, उतारावर चारसहा ओळी. पण आमच्या गावात हे असं आहे, घरांच्या मध्येच डोंगरउतारावर वेली. शेजारणीची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी गाठाळलेली, आणि तीच बोटं घोसांजवळची पानं पटापट खुडत होती. घोस उघडे पडले. मी म्हटलं, बिचाऱ्यांना ऊन लागेल. ती म्हणाली, "लागू दे ना. ऊन लागलं की साल जाड होते, रंग गडद होतो. लाड केले तर द्राक्ष फिकं राहतं."

मी तिथेच पान हातात धरून उभी राहिले. म्हणजे ही सगळी रंगीत, तुरट द्रव्यं झाड स्वतःसाठी करतं. ऊन, कीड, बुरशी यांच्या जाचातून सुटायला. आपल्या गुडघ्यांचा त्यात दुरूनही विचार नाही. आणि आपण म्हणतो, निसर्गानं आपल्यासाठी दिलंय. मला हे इतकं आवडलं की संध्याकाळी जेवताना मी घरच्यांना त्यावर व्याख्यान दिलं.

शेजारीण स्वतः रोज सकाळी दह्यात जंगली गुलाबाच्या बोंडांची पूड घालून खाते आणि संध्याकाळी स्वतःच्या द्राक्षांची लाल वाइन पिते. सांध्यांसाठी. मी विचारलं, "फरक पडतो?"

"दुखतं ते दुखतंच," ती म्हणाली. "पण काय आहे, न घेता कधी बघितलेलं नाही."

त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या बाईंना मुलानं जर्मनीहून हळदीच्या कॅप्सूल आणल्या होत्या. यांच्याही गुडघ्यांना त्या हव्या होत्या. मी म्हटलं, "अहो आई, सांगलीची हळद इथे येते, ती पुन्हा पुण्याला पाठवू?"

"असू दे. तिकडे सगळं तपासून भरतात," त्या म्हणाल्या. "लाडू तुझ्यासाठी केले. मला गूळ चालत नाही, साखर आहे ना मला."

म्हणून मी आपोटेकेत गेले. इथली औषधांची दुकानं म्हणजे जरा शाळेसारखी असतात. काउंटरमागची बाई आपलं नाव विचारते, संगणकात आपली सगळी औषधं बघते, आणि मगच डबीला हात लावते. आमच्या दुकानातली बाई साठीची, चष्मा दोरीनं गळ्यात. मी हळदीच्या कॅप्सूल मागितल्या. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यासाठी?"

"नाही, सासूबाईंसाठी," मी ऐटीत म्हटलं. "मला घरचे लाडू येतात."

"कसले लाडू?"

मी सांगितलं. हौसेनं सांगितलं. हळद किती, सुंठ किती, गूळ कसा. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मिरीसुद्धा?"

"मिरीशिवाय हळद आत जात नाही," मी तिला शिकवलं.

"किती दिवस खाताय?"

"नोव्हेंबरपासून."

तिनं डबी काउंटरवरून मागे ओढली आणि मला बाजूच्या खोलीत यायला सांगितलं. तिथे दोन खुर्च्या होत्या. तिनं जे सांगितलं ते साधं होतं. माझी पांढरी गोळी गिळली तशी फारशी कामाची नसते. यकृत तिच्यावर प्रक्रिया करतं, तिला शिजवतं म्हणा, आणि त्यातून खरं लागू पडणारं द्रव्य तयार होतं. मिरी ज्या झडतीला ढिली करते, ती झडती घेणारे हात आणि गोळी शिजवणारे हात थोडेफार एकाच स्वयंपाकघरातले. हळद आणि मिरी रोज एवढ्या प्रमाणात घेतली तर गोळीचं कामाचं द्रव्य कमी बनू शकतं. "मोएग्लिखर-वाइझं," ती दोनदा म्हणाली. कदाचित. "पण तुमच्या गोळीच्या बाबतीत मला कदाचितही नकोय. आजपासून बंद. आणि आजच डॉक्टरांना फोन करा."

मी रस्त्यावर आले. ऊन होतं, समोरून बस गेली, एक माणूस कुत्र्याला पाणी पाजत होता. आणि तेव्हा माझ्या मापन विभागातल्या डोक्यानं, कोणी विचारलेलं नसताना, दोन नोंदी शेजारी ठेवल्या. सांधे दुखायला लागले ते गोळीमुळे. दुखायचे थांबले ते लाडवांनंतर. मग लाडवांनी सांधे बरे केले, की लाडवांनी गोळीच निकामी केली? मी सात महिने वाढती मूठ बघून खूश होत होते. ती मूठ कदाचित असं सांगत होती, की आत पहारा उरलेला नाही.

मी बसथांब्यावर बसले आणि घाबरले. ऑपरेशनच्या दिवशी घाबरले नव्हते इतकी. तेव्हा निदान माझा त्यात हात नव्हता.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी वेळ दिली. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आमटीतली हळद खुशाल खा, तिचं काही नाही. पण चमच्यानं, मिरी घालून, महिनोन्महिने, हे जेवण नव्हे. मी विचारलं, "मोजता येईल? या सात महिन्यांत गोळी किती पोचली ते?"

"गेलेलं मोजता येत नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताचं काही ठिकाणी मोजतात. पण आकडा आला तरी तुमच्याबाबतीत त्याचा अर्थ काय, हे छातीठोक कोणी सांगणार नाही."

"आणि सांधे थांबले ते?"

"त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हळदीनं थांबले असतील. पोहण्यानं थांबले असतील. काहींचे आपोआप थांबतात. तुम्ही फॉर्मवर लिहिलं का नाहीत?"

मी म्हटलं, "आमच्यात तो मसाला असतो." त्यांनी फाइलमध्ये टिपून घेतलं. काय टिपलं ते मी वाचलं नाही.

मला अतिशय राग आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. वीस वर्षं मी लोकांना सांगतेय, मोजल्याशिवाय बोलू नका. इथे माझ्याच अंगात काय चाललंय ते मोजायला काटा नव्हता. असलेल्या काट्यावर मी नको ते मोजत बसले होते.

डबा अजून अर्धा होता, आणि जुलैत आणखी एक येऊ घातला होता. सासूबाईंना थांबवायचं म्हणजे कारण सांगायचं. नवरा म्हणाला, ॲसिडिटी होते म्हणून सांग. मी पाच मिनिटं त्याचाच सराव केला. मग वाटलं, एवढ्या खोट्यातून तर हे सगळं झालंय. दुपारी चारला, पुण्यात साडेसात, मी व्हिडिओ लावला. त्या भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. गाठ, रेडिएशन, गोळी, आपोटेके, सांधे दुखायचे थांबल्याची धास्ती. तो शब्दसुद्धा उच्चारला.

त्यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"सव्वा वर्ष?"

"हो, आई."

"मी काय परकी होते?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून. बाबांच्या वेळी तुम्ही इतकं..."

"अगं, बाबांच्या वेळी केलं म्हणूनच तर!" त्यांचा आवाज चढला. आजवर त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. "डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं. घरचं काही द्यायचं असेल, काढा, रस, हळद, काहीही, तर आधी विचारायचं आणि मग द्यायचं. दीड वर्ष मी तुळशीचं पानसुद्धा विचारून दिलं त्यांना. तू एकदा बोलली असतीस, की ती गोळी चालू आहे, तर मी डबा भरला असता का?"

आमच्या घरात ही चूक ज्याला पहिल्याच दिवशी कळली असती, असं एकच माणूस होतं. आम्ही मायेपोटी नेमकं त्यालाच बाहेर ठेवलं होतं.

"मिरी मूळच्या कृतीत नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती मी घातली. मोबाइलवर आलं होतं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही रडले. त्यांचा दोष नाही, हे मी दहा वेळा सांगितलं. त्यांनी एकदाही मान्य केलं नाही.

मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि कॅलेंडर, चष्मा, पेन घेऊन आल्या. गोळीचं नाव अक्षर अक्षर सांगायला लावलं. ते भिंतीवर उतरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, त्यांच्या सातला, फोन. "घेतलीस?" घेतली. "आज मूठ किती?" लेकीनं त्यांना काट्याचं सांगून ठेवलं होतं, तेही मोडक्या मराठीत, जी ती फक्त आजीसाठी राखून ठेवते. मी आकडा सांगायचे, त्या लिहायच्या. दोन तक्ते झाले. एक स्टुटगार्टला माझ्या फोनमध्ये, एक पुण्यात कॅलेंडरवर.

आम्ही दोघी कशाची वाट बघतोय हे पहिले काही आठवडे कोणीच बोललं नाही. जुलै गेला, मूठ तेराच. ऑगस्ट, तेरा. लाडू बंद करूनही सांधे ठणठणीत. एरवी पेढे वाटले असते. आता रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला मी म्हणायचे, अजून दुखत नाही रे. आणि तो पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहायचा. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सासूबाईंनाही मी ते सांगितलं होतं. "तुझं विज्ञान तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "मूठ किती ते सांग."

सप्टेंबरच्या तपासणीत सोनोग्राफी स्वच्छ आली. आम्ही तिघं पिझ्झा खाऊन आलो. पण एक स्वच्छ सोनोग्राफी म्हणजे एक दिवसाचा आकडा, हे मला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कोणाला कळत नसेल. ती सात महिन्यांबद्दल काही सांगत नाही, आणि पुढच्या वर्षांबद्दलही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी शेजारणीनं द्राक्षं काढायला बोलावलं. घोस खरोखरच काळेजांभळे झाले होते, पानं खुडली तिकडचे जास्त. मी खाली वाकून कात्री घोसाच्या देठावर धरली आणि दाबली. बोटं मिटली नाहीत. पुन्हा दाबली. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत ती जुनी, ओळखीची कळ चढली. सकाळी काट्यावर नऊ आले होते. मला वाटलं होतं काट्याची बॅटरी गेली. कात्री गवतात पडली. शेजारणीनं वळून पाहिलं, माझ्या हाताकडे, मग स्वतःच्या हाताकडे, आणि कात्री उचलून मला घोस टोपलीत रचायच्या कामाला लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांचे सात वाजले होते.

"घेतलीस?"

"घेतली."

"आज मूठ किती?"

"नऊ, आई."

पलीकडे पेनचा आवाज थांबला. "काल साडेअकरा लिहिलेत मी."

"हो. परवा बारा. उतरतेय."

"दुखतंय?"

"हो. आत्ता कात्री धरवली नाही."

"देव पावला," सासूबाई म्हणाल्या. "देव पावला गं बाई." त्यांनी आकडा लिहिला असावा, कागदाची सळसळ ऐकू आली. आणि मग अगदी लहान आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं,

"फार दुखतंय का गं?"